बस थांबली म्हणून

एप्रिलमधल्या एका शनिवारी आमच्या निरेगावात बातमी फिरली, की मुरोईंच्या ताकेनो आजींच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि त्या अंगातल्या एप्रनवर न् पायातल्या रबरी बुटांवर उशिने डोंगरात निघून गेल्यात. दुपार व्हायच्या आत बातमीला फांद्या फुटल्या. महिला मंडळाच्या हिसाएबाईंचं म्हणणं, आजी वारलेल्या नवऱ्याला भेटायला गेल्या. न्हाव्याच्या मते त्यांना कोल्ह्याने भुलवून नेलं. त्याच्या आजोळी अशा दोघीजणी गेल्या होत्या म्हणे. टपालवाल्याने तर आजींना बसच्या नव्या ड्रायव्हरबरोबर पळून जायला लावलं. ड्रायव्हर पस्तिशीचा आणि आजी शहात्तरच्या, त्यामुळे ही तिसरी बातमी लोकांनी सगळ्यांत आवडीने ऐकली.

यातलं काहीही खरं नव्हतं. आजींचं डोकं तेव्हाही शाबूत होतं, आजही आहे. हे मी खात्रीने सांगते, कारण माझं किराणा आणि दारूचं दुकान त्यांच्या दाराच्या बरोबर समोर आहे आणि काचेवरची वाफ पुसायचं फडकं मी कायम हाताशी ठेवते.

झालं होतं ते असं.

पुलाच्या वर आमच्या बसला ठरलेले थांबे नाहीत. हात करा, बस थांबते. पण म्हातारी माणसं हात करायला लाजतात. चारचौघांत हात वर करून गाडी अडवायची म्हणजे त्यांना फार उद्धटपणा वाटतो. ती आपली रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि बसकडे बघतात. जुना ड्रायव्हर इवाबुची, त्याला चेहऱ्यावरूनच कळायचं कोण चढणार आणि कोण नुसतंच उभं आहे.

बर्फ ओसरायला लागला की शनिवार-रविवारी ही बस डोंगराच्या पायथ्यापर्यंत, तोचिदाइरापर्यंत, जाते. शहरातले लोक रंगीत जाकिटं घालून डोंगर चढायला येतात. ताकेनो आजी त्या वेळी दारासमोर काहीतरी करत असायच्याच; झाडत तरी असायच्या, नाहीतर बर्फ ओढत. बस आली की हातातलं काम थांबवायच्या आणि कमरेत वाकून नमस्कार करायच्या. ड्रायव्हरला, आतल्या लोकांना, बसला, सगळ्यांना मिळून एक. इवाबुची टोपीला बोट लावायचा आणि बस पुढे जायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

त्या मार्चअखेर इवाबुची निवृत्त झाला. त्याच्या जागी नागासे आला, खालच्या शहरातला. सरळ माणूस. त्याला कामावर पाठवताना कोणीतरी सांगून ठेवलं होतं, की वरच्या गावातले म्हातारे हात करत नाहीत, नीट लक्ष ठेव, कोणाला रस्त्यावर सोडून आलास तर बरं दिसणार नाही. आणि नेमका त्याच्या पहिल्याच शनिवारी बर्फ पडला. वसंतातला बर्फ म्हणजे ओला आणि जड, फावड्याला चिकटून बसतो. आजींनी स्टोव्हवर किटली ठेवली आणि चहाचं पाणी उकळेपर्यंत दारासमोरचं जरा ओढून टाकू म्हणून बाहेर आल्या.

बस आली. आजींनी फावडं बर्फात उभं रोवलं, एप्रन सारखा केला आणि वाकल्या.

नागासेने चढावर, तशा निसरड्यात, हळूहळू ब्रेक दाबत बस थांबवली. दार उघडलं. "या आजी, सावकाश," तो म्हणाला. आतली सगळी जाकिटं वळून बघायला लागली.

आता कोणी म्हणेल, सांगायचं होतं ना सरळ, की बाबा मला यायचं नाही, मी फक्त नमस्कार केला. असं म्हणणारा माणूस आमच्या गावचा नव्हे. नव्या ड्रायव्हरने तुमच्यासाठी बर्फात, चढावर, भरली बस थांबवलीय. त्याला सगळ्यांसमोर सांगायचं की तू चुकलास? आजींनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं. आणि चढल्या. ज्येष्ठांचा पास एप्रनच्या खिशात असतोच, सर्दीच्या कागदी रुमालांबरोबर.

मी काचेमागे पोट धरून हसले. मग खालच्या शहरात माल आणायला जायचं होतं म्हणून व्हॅन काढली आणि गेले. त्यामुळे पुढची गंमत मला आजींकडून ऐकावी लागली, माझ्याच गल्ल्यासमोर बसून, माझंच लोणचं खात.

त्यांचा विचार होता, पुढच्या वळणावर उतरू. पण आत्ताच एवढी खटपट करून थांबवलेली बस लगेच परत कशी थांबवायची? मग म्हटलं, त्याच्या पुढच्या वळणावर. तिथे चढ आणखी वाईट होता. तेवढ्यात जांभळ्या जाकिटातल्या एका बाईने उठून जागा दिली. दिलेल्या जागेवर बसल्याबरोबर उतरायचं, हे काही बरं दिसलं नसतं. असं करत करत त्या तोचिदाइराला पोचल्या.

"मग त्याच बसने परत यायचं ना!" मी म्हटलं.

"अगं, येणार होतेच. पण तो उतरला खाली. दार धरून उभा राहिला. म्हणाला, आजी, अस्वलं जागी झाली असतील, त्यांना लांब ठेवायला घंटी आहे ना? मी म्हटलं, विसरले. तर त्याने बसमध्ये कोणाची तरी राहिलेली घंटी काढून माझ्या एप्रनच्या नाडीला बांधली. स्वतःच्या हाताने. आणि म्हणाला, छान फिरून या. आता त्यावर काय बोलणार?"

"म्हणून चढलात?"

"तो बघत होता तोवर चढले. मला वाटलं, वळणाआड गेले की थांबेन. पण मागून ही जाकिटं आली. म्हणाली, चला आजी, तुमच्या मागून आम्ही."

आजींचा सगळा जन्म उशिनेच्या पायथ्याशी गेला, पण त्या दिवसापर्यंत त्या डोंगरावर पाऊल ठेवलं नव्हतं. आमच्याकडे बायका डोंगरावर कशाला जातील? सकाळचं ऊन उशिरा अंगणात येतं ते त्याच्यामुळे, एवढाच काय तो संबंध. त्या दिवशी मात्र त्या डोंगराच्या पहिल्या खांद्यावरच्या छोट्या देवळापर्यंत गेल्या. येताना बर्फ जिथे विरघळला होता तिथे फुकीचे कडू कोंब वर आले होते, ते खुडून एप्रनमध्ये घेतले. रिकाम्या हाताने परत येणं त्यांना पटलं नाही.

इकडे गावात काय झालं? घरोघर फिरणारी सूचनांची पाटी द्यायला हिसाएबाई आजींच्या दारात गेल्या. दार सताड उघडं. स्टोव्हवर किटली कोरडी पडून लाल झालेली. बाहेर फावडं बर्फात उभं. आणि फावड्यापासून बुटांचे ठसे निघालेले, ते थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन संपलेले. नंतर पडलेल्या बर्फात चाकांच्या खुणा बुजल्या होत्या, ठशांचे तेवढे खळगे राहिले होते. न्हाव्याचा कोल्हा आला तो तिथून.

हिसाएबाईंनी किटली उतरवली आणि किंचाळत वाडीप्रमुखांकडे गेल्या. वाडीप्रमुख त्सुचिदा हे असल्या प्रसंगाची वाट बघणारेच गृहस्थ. त्यांनी अग्निशमनवाल्या पोरांना दोरखंड घेऊन बोलावलं आणि गावचा भोंगा सुरू केला. आमचा भोंगा खांबाखांबावर आहे. एक बोलतो, पुढचा तेच मागून बोलतो, मग डोंगर तिसऱ्यांदा बोलतो.

बस उतरत होती तेव्हा तो चालूच होता. "निरेगावच्या रहिवाशांना विनंती. सकाळपासून एक वृद्ध महिला बेपत्ता आहे. वय शहात्तर. उंची कमी. अंगावर पांढरा एप्रन, पायात रबरी बूट. कोणाला आढळल्यास..."

बसमधले सगळे खिडकीबाहेर बघू लागले, फार काळजीपूर्वक. शेवटी जांभळ्या जाकिटवालीने अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, हे तुमच्याबद्दल तर नसेल ना?"

"नाही हो," आजी म्हणाल्या. "माझा एप्रन कुठे पांढरा राहिलाय?"

मी शहरातून परतले ती नेमकी त्याच वेळी. घरासमोर अख्खं गाव. हिसाएबाई रडतायत, पोरं दोरखंडाची वेटोळी खांद्यावर टाकून उभी, त्सुचिदा अंगात अधिकाऱ्याचं जाकीट चढवून. बस येऊन थांबली आणि आजी उतरल्या, एप्रनची झोळी कोंबांनी भरलेली, कमरेची घंटी किणकिणतेय. त्यांच्या मागे नागासे उतरला. चेहरा त्या बर्फासारखा. आपण कोणाला कुठे नेऊन सोडलं हे त्याला तेव्हा उमगलं असावं.

"ताकेनोबाई," त्सुचिदा म्हणाले, "कुठे होतात तुम्ही?"

आजींनी नागासेकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर दोष त्याच्यावर गेला असता, आणि शहाणपण आजींचंही दिसलं नसतं. मी समोरच होते. हसू नये म्हणून मी ओठ चावून धरला होता.

"फिरायला. डोंगरावर," आजी म्हणाल्या.

"एप्रन घालून?"

"खिसे असतात ना त्याला."

झालं. दुसऱ्या दिवशी आजींनी ते कोंब मिसोत, सोयाबीनच्या खारट लगद्यात, परतले आणि दोरखंड घेऊन आलेल्या प्रत्येक पोराच्या घरी वाटी घेऊन गेल्या, त्रास दिला म्हणून माफी मागायला. प्रत्येक दारात वाकायचं आणि सांगायचं, की मला अलीकडे डोंगराचा छंद लागलाय, न सांगता गेले, चूक झाली. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तो छंद इतक्या वेळा सांगून झाला होता, की आता मागे घेणं शक्य नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्सुचिदांनी नागोयाला फोन केला होता.

नागोयाला आजींचा मुलगा असतो, योशिताका. विम्याच्या कामात आहे, शांत, भिडस्त, बायकोचंही ऐकतो आणि आईचंही. वडील गेले तेव्हा त्याने आईला बरोबर चल म्हटलं होतं. आजी नाही म्हणाल्या नाहीत. त्या फक्त गेल्या नाहीत. शेवटी मायलेकांत ठरलं, की काही होईपर्यंत आजींनी इथे एकटं राहावं. 'काही होईपर्यंत' म्हणजे काय, हे दोघांनीही स्पष्ट केलं नव्हतं. पण लाल झालेली किटली, दोरखंड आणि भोंगा म्हणजे काहीतरी झालं, याबद्दल वाद घालायला जागा नव्हती. त्याच्या फ्लॅटजवळ एक वृद्धनिवास होतं. योशिताकाने ते आधीच पाहून ठेवलं होतं.

आजी माझ्याकडे आल्या त्या थेट गल्ल्यापाशी बसल्या. लोणच्याला हात लावला नाही.

"मेच्या सुट्टीत येतोय," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आई, घर बंद करायच्या तयारीने राहा."

"मग तुम्ही काय म्हटलंत?"

"मी म्हटलं, अरे डोंगर हा माझा छंद आहे. तर म्हणाला, कधीपासून? म्हटलं, या हंगामापासून. मग म्हणाला, ठीक आहे, मी येऊन तुझा छंद बघतो. छंदच असेल तर पुन्हा विचार करू."

"म्हणजे आता..."

"म्हणजे आता मला छंद करायला हवा," आजी म्हणाल्या. "कानाए, डोंगरावर जाताना माणसं काय काय घेऊन जातात गं?"

"मला काय विचारता आजी? मी कधी गेलेय?"

"गेली नाहीस. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर काय आहे ते तुला माहीत असतं."

त्यापुढे शनिवार आला की आजी पाठीला नवऱ्याची मासेमारीची पिशवी लावून रस्त्यावर उभ्या. आता खरंच हात करायच्या. अगदी कोपरापासून, कोणाला दिसू नये इतपत. नागासे त्या दिसल्या की लांबूनच वेग कमी करायचा. गावात पुन्हा टपालवाल्याची बातमी वर आली. मी ती खोडून काढली नाही, थोडी हवाच दिली. आमच्याकडे वसंतात दुसरं काही घडत नाही.

आणि छंद कसा चालला होता? विचाराल तर वाईट. आजींना डोंगर मुळीच आवडला नाही. चढताना दम लागे, उतरताना गुडघे दुखत, बर्फात पाय बुडाला की बुटात पाणी जाई. जांभळ्या जाकिटवालीने त्यांना टाच न टेकता बुटाचं टोक बर्फात मारून चढायला शिकवलं, ते त्यांना जमलं, पण त्यात काय मजा आहे ते कळलं नाही. "वर जाऊन करतात काय?" मी विचारलं. "भाताचे गोळे खातात," आजी म्हणाल्या, "आणि 'अहाहा' म्हणतात." त्यांना आवडायची ती बस. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली गरम हवा येते, तिथे पाय शेकत बसायचं. बस वरच नसती गेली तर त्या रोज गेल्या असत्या.

मेच्या सुट्ट्या आल्या. योशिताका आला, नवे कोरे बूट घालून. रात्री बर्फ पडला. मे महिन्यात बर्फ पडला तर आमच्याकडे लोक आभाळाकडे बघून माफक कुरकुर करतात आणि साखळ्या पुन्हा बाहेर काढतात. नागासेने चाकांना साखळ्या चढवल्या होत्या. त्या दिवशी मलाही अचानक डोंगराची ओढ लागली. दुकानावर 'आज बंद' लावलं आणि बसमध्ये आजींच्या मागची जागा धरली. उगीच नंतर कोणाकडून अर्धवट ऐकायचं, त्यापेक्षा हे बरं.

"कानाएबाई, तुम्हालाही आवडतं का हो हे?" योशिताकाने विचारलं.

"प्रचंड," मी म्हटलं.

आजींनी मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की बास.

वळणावळणांनी योशिताकाला मळमळायला लागलं. आजींनी पिशवीतून आंबट उमेचं फळ काढून त्याच्या हातावर ठेवलं, त्याने ते मुकाट तोंडात टाकलं. तोचिदाइराला धुकं होतं, बर्फ घोट्यापर्यंत, आणि झाडांवरून मधूनच त्याचे गोळे धपकन खाली पडत होते. आजी चालायला लागल्या. बुटाचं टोक मारायच्या, थांबायच्या, परत टोक मारायच्या. घंटी वाजत होती. मागे योशिताका, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात काहीच नाही, पण पुढे धरलेला, आई पडली तर पकडायला. ती पडली नाही. एकदा तोच पडला. एकदा मीही पडले, पण ते इथे महत्त्वाचं नाही.

देवळापाशी बर्फ झाडून आम्ही तिघं पायरीवर बसलो. भाताचे गोळे निघाले. आजींनी एक घास खाल्ला, समोर धुकं होतं त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहाहा."

इतक्या वाईट रीतीने मी कोणाला 'अहाहा' म्हणताना ऐकलं नव्हतं. योशिताकानेही ऐकलं. त्याने आपला गोळा कागदावर खाली ठेवला.

"आई, खरं सांग. त्या दिवशी तू बसमध्ये का चढलीस?"

आजी चावत राहिल्या. घास संपला.

"थांबली म्हणून."

"कोण?"

"बस."

आणि मग सगळं सांगितलं. नमस्कार, चढ, जांभळं जाकीट, घंटी, सगळं. मला वाटलं आता हा हसेल, नाहीतर चिडेल. आईने महिनाभर खोटं बोलून डोंगर चढून दाखवला, चिडायला हरकत नव्हती.

"आतले सगळे बघत होते?" त्याने विचारलं.

"सगळे."

"मग काय करणार," तो म्हणाला. आणि बराच वेळ नव्या बुटांचे बर्फ लागलेले बंद साफ करत बसला. मग खालच्या मानेनेच बोलायला लागला.

"आई, त्या वृद्धनिवासात मी फक्त बघायला गेलो होतो. खरंच. पण तिथला मॅनेजर... त्याने तिन्ही मजले दाखवले. माझी छत्री ओली होती, ती पुसून दिली. लिफ्टपर्यंत आला आणि दार बंद होईपर्यंत वाकून उभा. मग मी परत गेलो, आम्ही अजून विचार करतोय एवढंच सांगायला. तर खोलीच्या दारावर तुझ्या नावाची पाटी होती. मुरोई ताकेनो. ब्रशने लिहिलेली. इतकं सुंदर अक्षर, आई."

"मग?"

"मग करारावर शिक्का मारला."

वर फांदीवरून बर्फ पडला. मी खाणं थांबवलं होतं, कारण खाताना ऐकू कमी येतं.

"म्हणजे तुला मला न्यायचंच होतं असं नाही," आजी म्हणाल्या.

"तसंही नाही. मला काळजी वाटते. ती किटली आठवली की मला झोप येत नाही. पण ते वृद्धनिवास..." त्याने हात हलवला. "आज फोन करून तुझा दिवस पक्का सांगायचाय. ते वाट बघत असतील. इथेही रेंज आहे."

त्याने खिशातून फोन काढला. योशिताकाने नंबर काढला आणि अंगठा वरच ठेवला. मला कळलं की हा माणूस नाही म्हणू शकणार नाही. तो दिवस पक्का करेल, आभार मानेल, आणि उन्हाळ्याआधी माझ्या समोरचं घर बंद होईल.

"आण इकडे," आजी म्हणाल्या.

"तू बोलणार?"

"पाटी माझ्या नावाची आहे ना?"

मी मनात म्हटलं, संपलं. जिला उभ्या बसला नाही म्हणता आलं नाही, ती त्या मॅनेजरसमोर काय टिकणार? फोन लागला. आजी पायरीवरून उठून उभ्या राहिल्या, जाकिटाखाली एप्रन होता तो सारखा केला.

"हो, हो. मीच ती. मुलाने आपल्याला फार त्रास दिला. नाही नाही, आपले उपकार... हो, ऐकलं. अक्षर फार सुंदर आहे म्हणे. आपलंच का? वा. हो... दक्षिणेची खिडकी. वा. हो का, कुंडीतली फुलंसुद्धा? किती करता आपण. हो... हो... महिनाअखेरीला. हो, हवा छान असते तेव्हा."

मी योशिताकाकडे पाहिलं. तो बर्फाकडे बघत होता.

"हो," आजी म्हणाल्या. "पण मी येणार नाही."

योशिताकाने झटकन मान वर केली.

"नाही, तब्येत चांगली आहे. नाही, खोली पण चांगलीच असणार. मला यायचं नाही, म्हणून येत नाही. ज्यांना यायचंय त्यांना द्या. फार फार आभार. नाही नाही, चूक आमचीच. नाही, आमचीच. हो. नमस्कार."

आणि फोन कानाला धरून त्या इतक्या खाली वाकल्या, की चढून येणारा एक दाढीवाला गिर्यारोहक गोंधळून थांबला आणि त्यानेही वाकून नमस्कार केला.

"सांगितलं," आजी म्हणाल्या आणि फोन परत दिला.

योशिताकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सुटका झाली म्हणून बरंही वाटत होतं आणि लाजेने कानही लाल झाले होते. "आता मी त्यांना तोंड कसं दाखवू? रोज स्टेशनला त्यांच्या दारावरून जातो मी."

"दुसऱ्या गल्लीने जा."

"लांब पडतं, आई."

"पाय आहेत ना. एवढे महागाचे बूट घेतलेस."

उतरताना मात्र त्याने अट घातली. माणूस कितीही भिडस्त झाला तरी भिडेला सीमा असते. स्टोव्हवर किटली ठेवायची नाही. त्याऐवजी तो विजेची एक किटली पाठवणार. आजींनी चहासाठी बटण दाबलं की नागोयाला त्याच्या फोनवर कळणार, आणि दुपारपर्यंत बटण दाबलं गेलं नाही तर तो आधी मला फोन करणार, मग भोंगा.

"म्हणजे किटली माझ्या चुगल्या करणार?" आजींनी विचारलं.

"हो."

"मग कानाए काय करणार?"

योशिताका पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. मी हसले नाही.

किटली आली, जून लागायच्या आत. आता समोरच्या घरात दिवसातून कितीतरी वेळा चहा होतो. मुलाला बरं वाटावं म्हणून आजी बटण दाबतात आणि मग पाणी वाया जाऊ नये म्हणून मला हाक मारतात. घर उघडं आहे, फावडं भिंतीला टेकून आहे. शनिवारची डोंगराची फेरी मात्र त्या दिवसापासून बंद झाली. एकदाही गेल्या नाहीत. नागासे अजून त्यांच्या दारासमोर वेग कमी करतो, त्या त्याला हाताने 'जा, जा' करतात.

मला चैन पडेना. परवा चहा पिताना मी छेडलंच. "आजी, एवढा छंद होता तुमचा. एवढं चढलात, एवढ्या 'अहाहा' केल्यात. डोंगराची आठवण येत नाही?"

आजींनी माझ्या कपात चहा ओतला. मग म्हणाल्या, "डोंगर माझ्या न्हाणीच्या खिडकीतून चांगला दिसतो, कानाए. वर गेलं की नुसते आपलेच बूट दिसतात."